पहिली ओळख

सुई पाहून मालन हसली.
म्हणाली, शीर सापडेना तर कंदील आणू?
चौऱ्याण्णव वर्षांचा दंड,
खारवाऱ्यावर टांगून सुकवलेल्या मटणासारखा,
हाडाला घट्ट धरून.

फॅरोच्या या दक्षिण बेटावर
धुकं दुपारी दोनलाच उंबऱ्यात येऊन बसतं.
मी तोर्सहाव्नहून बोटीनं आले,
थंड पेटीत बारा नळ्या, बारा म्हातारे,
आणि विचारायचं एकच:
लहानपणी ती साथ अंगावरून गेली होती का?

"गेली की. मी चार वर्षांची.
मिठाचं जहाज लागलं होतं धक्क्याला.
मीठ उतरलं, मागोमाग खोकला उतरला.
मी नऊ दिवस फणफणले म्हणे.
धाकटा दान्याल चौथ्या दिवशी गेला.
त्याचा एकच मोजा विणून झाला होता."

मी नळी हलकेच उलटीसुलटी केली.
सांगितलं नाही तिला (सगळं कुठं सांगता येतं)
की तो ताप पाहुण्याचा नव्हता, घरचाच.
विषाणूकडे ना दात, ना आग.
तो नुसती किल्ली घेऊन येतो,
पेशीला आपल्या नकला लिहायला बसवतो.
चूल पेटवतो ते आपण.
अंग मोडून येतं ते आपल्याच हाकाटीनं:
बाधलेली पेशी मरता मरता शेजारणींना ओरडून सांगते,
कड्या घाला!
मग आपलेच पहारेकरी येतात
आणि आपलीच घरं पाडतात,
कारण आत तो आहे.
कधी पाडणं वेळेवर थांबतं.
दान्यालच्या छातीत काय झालं, कोण जाणे.

जे वाचतात
त्यांच्या हाडांत, मज्जेच्या अंधारात,
चार-दोन पेशी बसून राहतात
तोच टाका घालत.
नव्वद वर्षं. तोच टाका.

तेवढ्यात पणतू आत आला, बुटांसकट, नाक ओढत.
"दान्याल, दार लाव!"
त्याचं नाव ब्रांदुर.
त्यानं मुकाट दार लावलं.
"मला ती त्याच नावानं बोलावते," मला म्हणाला,
तक्रार म्हणून नव्हे.

रक्ताचंही तसंच.
दर हिवाळ्यात तो नवा कोट घालून येतो, बटणं बदलून,
आणि रक्त त्याला पहिल्याच नावानं हाक मारतं.
पुष्कळदा चुकतं.
हाक वाया जाते, तो सरळ आत,
आपण आठवडाभर अंथरुणात.
पण कधी कधी
कोटाआडचा सांगाडा तोच निघतो
आणि दार लागतं.

परतीच्या बोटीत पेटी मांडीवर.
तिनं दिलेली रूबाबच्या मुरंब्याची बाटली
नळ्यांशेजारी किणकिणत होती.
आठव्या नळीच्या कागदावर नाव, वय, तारीख भरली.
'पूर्वीचे आजार' या रकान्याशी थांबले.
मग लिहिलं: आठवतं.

बोट हलत होती. अक्षर वाकडं आलं.