तुलनेचं घर क्रमांक दोन

मर्ल स्ट्राउब दारात बूट काढत नाही,
त्यांवर निळ्या पिशव्या चढवतो.
मग यंत्र भिंतीला टेकवतो,
समोरच्या भिंतीवर लाल ठिपका थरथरतो
आणि माझ्या बैठकीच्या खोलीचा
आकडा होतो.

ईरी शहर, नोव्हेंबर. सरोवरावरून येणारा वारा
खिडक्यांची नवी रबरं तपासतोय.
मी मर्लच्या मागे मागे.
"हे नळ तांब्याचे. भिंतीआड आहेत, दिसायचे नाहीत."
"हं."
"जुनं वायरिंग मी स्वतः उपसून काढलं."
"हं."
तळघर तो धरत नाही. जमिनीखालचं जमिनीखालीच.
तिसऱ्या खोलीला कपाट नाही,
म्हणून तिथे माणूस झोपला तरी
ती झोपायची खोली नाही.

एकवीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
त्यातून पहिलं घर. हे चौथं.
हिशेब कुणालाही कळेल असा:
पडकं घ्यायचं, उभं करायचं, बँकेला दाखवायचं,
नव्या किमतीवर नवं कर्ज,
त्यातून जुनं फेडायचं, उरलं त्यात पाचवं.
फक्त मर्लने एक लाख चाळीस लिहायला हवेत.

नवव्या दिवशी अहवाल आला, सत्तावीस पानी.
एक लाख अठरा.

तुलनेला तीन घरं. अर्ध्या मैलाच्या आतली,
वर्षभरात विकलेली.
पहिल्याला दोन गाड्यांचं गॅरेज, त्याचे सहा हजार वजा.
तिसऱ्याचं स्वयंपाकघर जुनं, त्याचे नऊ अधिक.
दुसरं: ४१८, हेझेल स्ट्रीट. एक्क्याण्णव हजार.
फोटोत अजून ते हिरवं छप्पर,
अजून त्याच्या नावाची टपालपेटी.
घेणाऱ्याचं नाव तिथे छापलेलं नाही.
मला ते वाचायची गरजही नाही.

कॅसिमिर ओल्शेव्स्की. बायको मार्चमध्ये गेली.
मुलगी अ‍ॅरिझोनात, म्हणत होती, बर्फाच्या आत ये, बाबा.
त्याने एकशे दहा मागितले.
मी छपरावर बोट ठेवलं, पायावर ठेवलं, भट्टीवर ठेवलं.
भट्टी चांगली होती.
मग नुसती गप्प बसले.
बसमध्ये शिकले होते ते:
ओरडणाऱ्या ड्रायव्हरला पोरं हसतात,
गप्प बसलेल्याला वचकतात.
त्याने सही केली, वर बीटच्या लोणच्याची बरणी दिली,
म्हणाला, बरणी परत नको.
रात्री बहिणीला फोनवर सांगितलं,
"अगं, लूटच केली म्हण ना!"
आणि दोघी हसलो.

आता माझी लूट
माझ्याच रांगेत येऊन उभी आहे,
आणि माझ्या नव्या खिडक्यांकडे बघून
मर्लसारखंच "हं" म्हणते आहे.

हरकत घेता येते. बँकेचा अर्ज आहे, एक पानी.
अमुक घर तुलनेतून का वगळावं, कारण द्या.
अहवालाच्या मागच्या पानांत बारीक अक्षरांत लिहिलंय,
बाजारभाव म्हणजे तो,
जिथे घेणारा आणि देणारा दोघे जाणते
आणि कुणावरही दडपण नाही.
म्हणजे मला इतकंच दाखवायचंय
की त्याच्यावर दडपण होतं.
साक्षीदार आहे. तिच्याकडे पेनही आहे.

"सदर व्यवहार घाईत झाला."
खोडलं. कुणाच्या घाईत?
"विकणाऱ्याची परिस्थिती पाहता..."
पाहिली होती. म्हणून तर गप्प बसले.

बावीस हजारांचं एक वाक्य.
आयुष्यात माझ्या बोलण्याला
एवढा भाव कुणी दिला नव्हता.

ओट्यावर ती बरणी. मी त्यात स्क्रू ठेवते.
झाकण उघडलं की अजून
आंबट, लालसर वास येतो लोखंडाला.

त्याचा नंबर आहे माझ्याकडे, विक्रीच्या कागदावर,
सहीच्या खाली. सही थोडी तिरकी गेलीय,
मी कागद धरून ठेवला नव्हता नीट.

शुक्रवारपर्यंत मुदत आहे.
आज बुधवार. बर्फ सुरू झालंय.