ओळ दोनशे बारा

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळी कंपनीच्या वरच्या मजल्यावर
रान्वा जुना कोड वाचत बसली आहे.
खाली खाडीत गोल पिंजरे, पिंजऱ्यांत साल्मन,
आणि पडद्यावर ओळ दोनशे बारा:
मेंढ्या = मेंढ्या - मेलेल्या

ह्याल्ग्रिमनं हा तुकडा उचलला होता
स्वतःच्याच एका प्रोग्रॅममधून,
भावाचा कळप मोजायला लिहिलेल्या.
घाई होती. चाललं, म्हणून राहिलं.
नऊ वर्षं इथले मासे
मेंढ्या म्हणून पोहले.

गेल्या मंगळवारी रात्री दोनला इशारा वाजला:
मेंढ्या तीनशे कमी.
रात्रपाळीचा नवा पोरगा टॉर्च घेऊन
थेट डोंगरावरच्या कुंपणापर्यंत जाऊन आला,
वाऱ्यात, गुडघाभर ओल्या गवतातून.
जाळं फाटलं होतं ते मागे, पाण्यात.

सकाळी कँटीनमध्ये सगळे हसले त्याला.
रान्वाला हसू आलं नाही.
माणसाला नावं ठेवायला आपण तयारच असतो,
जिथं नाव ठेवायचं तिथं मात्र
कुणाचं तरी जुनंच चालवून घेतो.

ती बदलते आहे. एक्केचाळीस ठिकाणी.
मासे. मासे. जिवंत मासे.
यंत्राला काहीच फरक नाही, आकडे तेच येतात;
त्याला कुणी फसवलंच नव्हतं कधी.

सगळ्यात वर, तिसऱ्या ओळीत
ह्याल्ग्रिमची टीप सापडते:
"हे नाव उद्या बदलतो."
ती पुसत नाही ते.
खाली लिहिते, बदललं,
आणि तारीख टाकते.