पार्श्वभूमीला नदी

एर्मेलिंदाबाईंना नदी हवी होती
अक्षरांच्या मागे, वाहती.
"हालूंक जाय," त्या म्हणाल्या, "फोटो काय, सगळेच लावतात."
दिवाडीला त्यांच्या भाड्याच्या तीन खोल्या, एक मांजर,
आणि भाच्याने लिस्बनला जाताना सोडलेला लॅपटॉप.

मी फोंड्याला, किराणा दुकानावरच्या खोलीत
सातशे ठिपके सोडले निळ्यात.
एकेकाला दिशा दिली, वेग, थोडी चकाकी,
आणि सेकंदाला साठदा पुसून
साठदा काढायला लावली अख्खी मांडवी.
माझ्या नव्या मशीनवर काय सुरेख वाहिली!
मीच बघत बसलो. चहा निवला.

आठवड्याने फोन. पाहुणी एकच,
तीनही खोल्या तिच्याच नावावर.
बटण दाबलं तर हूं की चूं नाही,
म्हणून पुन्हा, म्हणून पुन्हा.

फेरीबोटीतून गेलो. पाणी गढूळ, जड.
केळीचा एक खुंट
कडेकडेने चाललेला, आपल्या वेळेने.
त्याला कोणी साठदा काढत नव्हतं.

बाल्कांवात लॅपटॉपचा पंखा
भाताच्या गिरणीसारखा.
कळफलकावर मांजर, उबेला, गाढ.
त्याला उचलून आलेख उघडला: लाल, लाल, लाल.
एका चित्राला सोळा मिलिसेकंद मिळतात,
माझी नदी नव्वद खात होती.
आणि खाली, दरपत्रकाच्या पांढऱ्या चौकटीमागे,
जिथे थेंबसुद्धा दिसत नाही कुणाला,
तिथेही मी तिला राबवत ठेवलं होतं.

सातशेचे दोनशे केले.
दोनशेचे चाळीस.
चाळीस ठिपक्यांची नदी होत नाही,
गळका नळ होतो.

शेवटी सगळं पुसलं. बाईंच्याच फोनमधलं
एक चित्र लावलं, धक्क्यावरून काढलेलं,
भरती सरलेली, ओहोटी अजून लागायची.
पंखा थांबला. मग कुठे ऐकू आलं
पलीकडे कोणीतरी नारळ किसतंय.
बटण एका दाबात लागलं.
मांजर परत आलं, कळफलक हुंगला,
ऊब नाही बघून निघून गेलं.

"ही हलत नाही."
म्हटलं, बाई, भरती-ओहोटीच्या मध्ये
नदी घटकाभर उभीच असते.
"ते तू मला सांगतोस?"
त्यांनी चष्मा काढला, पदराशी नाही,
टेबलावरच्या बिलाच्या कोपऱ्याने पुसला.
"पण पैसे
हलत्या नदीचे ठरले होते."