पाऊण इंच

बोट माझ्या चौऱ्याऐंशी किलोंवर बेतलेली.
सीट, इंजिनाची उंची, पंख्याची पिच,
टाकी आवळायचा पट्टा,
एकोणीस हिवाळे तिघऱ्याच्या पाण्यावर
माझी बैठक धरून सगळी मापं निघाली.
शाल्मली एक्कावन्न. हेल्मेट, जॅकेट धरून.

म्हणून लष्करातून निघताना
दाणाओळीत गव्हाचं पोतं भरून घेतलं,
तेहतीस किलो, तोलून.
दुकानदार म्हणाला, पस्तीस घ्या की, बरोबर होईल.
त्याला काय सांगू.

धुकं उठेपर्यंत काठावर बसून पाना चालवला.
बोटीच्या पाठफळीवर चार भोकं,
एकापासून दुसरं पाऊण इंचावर.
बोल्ट तिसऱ्यात, जिथं तो कायम असतो.
पेट्रोलमध्ये तेल, पन्नासाला एक.
दोरीचं एक टोक तिच्या मनगटाला, एक इंजिनाच्या खटक्याला:
पडलीस तर इंजिन बंद पडलं पाहिजे.
ती चौथीत होती तेव्हापासून हे सांगतोय.
आज तिनंच म्हणून दाखवलं,
माझ्याच घोगऱ्या आवाजात.

पहिली फेरी. पोतं तिच्या पायांपाशी.
बोट नाक खुपसून पाणी नांगरत गेली,
परतली तेव्हा शाल्मली गुडघ्यांपर्यंत भिजलेली
आणि गहूही.
काही न बोलता तिनं पोतं काठावर लोटलं.

दुसरी फेरी, नुसती ती.
नाक वर, नाक खाली, वर, खाली,
रामसेवक कुशवाह होडी बांधता बांधता थांबला:
"भैया, जे तो फुदक रही है."
फुदकतच होती. काटा एकोणसाठशेवर,
पंचावन्नशेच्या पुढं मी कधी जाऊ दिला नाही.
वेग अडुसष्ट.
एवढा आरडाओरडा आणि अडुसष्ट.

मग इंजिनाची खीळ एक घर आत.
मग सतराचा पंखा काढून एकोणीसचा,
माझ्या हातून वॉशर पडला, वाळूत दहा मिनिटं
दोघं ओणव्यानं शोधत होतो,
सापडला तो तिच्या बुटाखाली.
मग ती म्हणाली, इंजिन चढवू या. चौथ्यात.
मी म्हटलं, चौथ्यात मी कधीच नाही चढवलं.
म्हणाली, तुम्ही चौऱ्याऐंशी आहात, बाबा.

आणि ती गेली.

काय सांगू, कसं गेली ते.
फुदकणं नाही, घासणं नाही,
पाण्याला जेमतेम स्पर्श, तोही नाइलाज म्हणून.
आवाजाची पट्टी एकच, सरळ, ताणलेली.
पल्याडची बदकंसुद्धा उडाली नाहीत,
त्यांना कळायच्या आत ती पुढं.
चौऱ्याहत्तर. मी वहीत लिहिलं,
पेन चालेना, पुन्हा गिरवलं.

दुर्बिणीतून मग दिसली ती धार,
इंजिनाच्या कुशीतून सुटणारी,
करंगळीएवढी असते,
ती सुतळीएवढी, मग दोऱ्याएवढी.
इतकं वर चढवलेलं इंजिन
वेग पितं, पाणी पीत नाही.
मी हात हलवायला उठलो,
तोवर तिनंच गॅस सोडला होता. मान मागं वळवून
धारेकडं बघत होती.
कधीपासून बघत होती?

काठावर प्लग काढला. कडेनं पांढुरका.
आणखी अर्धा मिनिट आणि पिस्टन गेला असता.
गजकेचा तुकडा तोंडात धरून ती म्हणाली,
तिसऱ्यात बसतं, चौथ्यात तापतं.
माझं भोकच नाहीये यात.

एकोणीस वर्षांत या फळीला
मी पाचवं भोक पाडलं नाही.
लाकूड पाणी पितं, सडतं, असं काहीतरी
तोंडापर्यंत आलं.
ती पेन्सिल मागत होती.

तिसऱ्याच्या नि चौथ्याच्या मधे, जरा बाजूला सरकून,
तिनं खूण केली, मी फळी धरली.
ड्रिलच्या भुशाला सागाचा वास होता.
आत लाकूड कोरडं निघालं.

घरी येताना चक्कीवर पोतं उतरवलं.
वरचे चार किलो ओले, वाळवा म्हणाला,
बाकी दळतो.