पाच दिवस, दोन वेळा

सोहारच्या कॅम्प क्लिनिकात
इलियास परकार तिसऱ्यांदा आला.
तेच गळू, तीच मान,
हेल्मेटचा पट्टा घासतो ती जागा.
कॉलरवर पिवळा डाग.
"मागची ट्यूब अख्खी संपवली, सिस्टर."

एकट्याने?

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.
खोलीत आठ जण.
बिराजला काखेत, मकबूलला मांडीवर,
वाटाण्याएवढी ज्याला त्याला.
"आमच्या खेडला एका थाळ्यात जेवतात, सिस्टर.
एकट्याने कसं लावायचं?"

मला रागवायचं होतं. रागवलेही.
हे मलम आहे, फिरनी नव्हे.
अर्धं औषध म्हणजे जंतूंची शिकवणी,
फुकटची.

रिपोर्टात होतंच:
फ्युसिडिकला दाद नाही.
म्युपिरोसिनला अजून आहे.
त्या 'अजून'वरून मी दोनदा बोट फिरवलं.

गळू मानेवर दिसतं रे,
बिऱ्हाड नाकात असतं.
मी काडीला कापूस गुंडाळून दाखवला:
दोन्ही नाकपुड्या, सकाळी आणि रात्री, पाच दिवस.
बरं वाटलं तरी पाच दिवस.
टॉवेल आपापला, वस्तरा आपापला,
चादरी कढत पाण्यात.
तो हसला. "जूनमध्ये टाकीचं पाणी कढतच असतं,
इथे गार मिळत नाही."

आठ ट्यूबा मागितल्या.
स्टोअरवाल्याने एक मंजूर केली.
पुन्हा लिहिलं, लाल शाईने,
आठही बॅज नंबर घालून.

रविवारी स्टाफच्या तपासण्या आल्या.
सुनंदा रणभिसे, परिचारिका.
डावी नाकपुडी: पॉझिटिव्ह.

ना ताप, ना पुळी.
मिरज सोडून अकरा वर्षं झाली,
अंगाला साधी खाज नाही.
किती दिवस सांभाळलं असेल मी हे,
किती मानांवर वाकून?
हातमोजे होते.
पहिल्यांदा तो आला तेव्हा
खोका संपला होता.

रात्री आरशासमोर
काडीवर मलम घेते.
नाकातून घशात उतरते त्याची मेणचट चव.
बाहेर एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय,
बंदराकडे क्रेनचे लाल दिवे.
उद्या नवव्या ट्यूबचा अर्ज.
बॅज नंबरच्या जागी माझा घालायचा
आणि इलियासला सांगायचं.

काय सांगायचं ते अजून जुळत नाही.
बहुतेक एवढंच, की
आज माझाही पहिला दिवस.