सजा

आमच्या कॅम्पच्या वस्तीचं नावच सजा.
शारजाच्या नकाशात हा नुसता पत्ता.
आमच्याकडे सजा म्हणजे शिक्षा,
नाहीतर तलाठ्याच्या ताब्यातली गावं.
दोन्ही अर्थ लागू पडतात,
असं मी पहिल्या वर्षी हसून सांगायचो.

रविवारी बस यार्मुकला जाते.
मल्याळी मंडळींची उपासना संपली की
तासभर हॉल आमचा. एकोणीस माणसं, एक पेटी.
पाळकसाहेब उजागरे म्हणाले,
इस्राएलात राजे नव्हते तेव्हा शास्ते होते,
आणि शास्त्यांचं काम
पिळल्या गेलेल्यांना सोडवून आणणं.
देव न्याय करायला उठलाय, हे ऐकून
लोक तेव्हा अंगणात येऊन उभे राहत.

मी मान डोलावली.
पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत,
चार पगार थकलेले,
मंगळवारी कामगार न्यायालयात तारीख.
सोनईत लहानपणी शेवटच्या दिवसाचं ऐकलं की
मी गोधडीत तोंड खुपसायचो.
आता म्हणतो, ये बाबा, लवकर ये.
ज्याचं येणं बाकी असतं
तो त्याच्या येण्याला कशाला भिईल?

मग त्यांनी समुद्र दुभंगला.
पलीकडे पोचलेल्यांच्या डफांचा आवाज,
अलीकडे चिखलात रुतलेली रथांची चाकं.
पाणी तेच, म्हणाले,
आणि घोटभर पाणी प्यायले.

तिथेच मला लिंगय्या आठवला.
करीमनगरचा, सळया वाकवणारा.
जुलैत उन्हाने कोसळला, तीन दिवस पडून होता.
हजेरीचं बुक माझ्याकडे असतं.
फोरमन म्हणाला, सहा खाडे मांड.
मी सहा मांडले.
निळ्या पेनने, वळणदार अक्षरात.

म्हणजे त्याचंही येणं आहे.
माझ्याकडे.

पुढची प्रार्थना मी ओठांनीच केली.
परतताना बसने समुद्राकडे पाठ फिरवली,
काचेवर वाळू बारीक वाजत राहिली.

रात्री चौदा नंबरच्या खोलीत गेलो.
भाताचा वास, दोरीवर ओले बनियन.
म्हटलं, मंगळवारी माझ्याबरोबर चल.
बुक घेऊन येतोय. तुझे तीन दिवस सांगतो.
तो बराच वेळ बघत राहिला.
मोडक्या हिंदीत म्हणाला, और तेरा केस?

मला उत्तर आलं नाही.
मंगळवार दोन दिवसांवर होता,
तरी तो वाकून
बंकखाली चपला शोधू लागला.