मधली जागा

दोन ते चार ड्रिल बंद, असा सोसायटीचा नियम,
म्हणून चार भोकं सकाळीच पाडून घेतली.
पाचवं तुळईत गेलं, बिट तुटलं.
खवणेकर काका म्हणाले, राहू दे,
तिथे कॅलेंडर लावू.

कन्नमवार नगर, दुसरा मजला,
दहा बाय साडेअकराची खोली.
हिला आजपासून होम थिएटर म्हणायचं,
हे काकांनी फोनवरच बजावलं होतं.
शिलाई मशीन पॅसेजमध्ये गेलं होतं
आणि त्यावरून काकूंचा अबोला चालू होता.

काका गोदीत क्रेनवर होते, एकतीस वर्षं.
तोंडाने काही सांगतच नाहीत.
मी स्टुलावर, हातात मागचा डावा स्पीकर,
खाली काका: तळहात वर, दोन बोटं हलतात. उचल.
अंगठा आडवा. जरा भिंतीकडे.
मूठ. बस्स.
लेव्हल लावून पाहिली,
बुडबुडा बरोब्बर मध्ये.

लॅमिंग्टन रोडवरची तीस मीटर वायर
केसिंग पट्टीत दाबत दारावरून नेली,
देव्हाऱ्याला वळसा घालून.
सबवूफर घुमला की खालच्या साटमांची भांडी वाजतात,
म्हणून त्याच्याखाली सतरंजीची चौघडी.

मग माइक.
माणूस बसतो तिथे, कानाच्या उंचीवर ठेवायचा.
कुठला स्पीकर किती फुटांवर, ते यंत्र मोजतं,
पण यंत्राला एकच डोकं कळतं.
सोफा दोघांचा.
टेपने मध्य काढला, तर तो आला
दोन गाद्यांच्या फटीत,
जिथे रिमोट जातो, सुटे पैसे जातात,
बसत कोणीच नाही.

आता दोन मिनिटं कोणी आवाज करायचा नाही,
हे वाक्य मी या शहरात रोज म्हणतो.
पहिल्यांदा कुकर.
मग विमान, गच्चीला घासून गेल्यासारखं.
मग भंगारवाला, त्याचं रेकॉर्ड केलेलं गाऱ्हाणं घेऊन.
चौथ्यांदा जमलं.

काकूंना म्हटलं, डोळे मिटा,
खरखर येईल तिकडे बोट दाखवा.
त्यांनी मिटले, लपाछपीतल्यासारखे.
पुढचा उजवा: बोट उजवीकडे.
मागचा उजवा: उजवीकडे.
पुढचा डावा: उजवीकडे.
मागचा डावा, एवढा बुडबुडा पाहून बसवलेला:
उजवीकडेच, ठामपणे.

मी वायर तपासायला वाकलो.
काकांनी मूठ दाखवली.

किती बरोबर? काकूंनी डोळे न उघडताच विचारलं.
पैकीच्या पैकी, काका म्हणाले.

मग एक सिनेमा लावला, कुठलातरी, घोड्यांचा.
काका तिच्या उजवीकडे बसले,
हात सोफ्याच्या पाठीवरून पलीकडे टाकून.
डावीकडून टापा आल्या की
तिच्या डाव्या खांद्यावर त्यांचं बोट वाजायचं
आणि ती मान तिकडे वळवायची.
रस्ता ओलांडताना, रिक्षा आली की,
असंच करत असतील.

मी यंत्रात काही बदललं नाही.
बिल लिहिलं, तुटलेलं बिट त्यात धरलं नाही.
चपला घालतो तोच काकू पॅसेजमधून म्हणाल्या,
हे मशीन उचला रे दोघं,
आत ठेवा, डाव्या अंगाला.
सिनेमा चालू असताना शिवेन मी.
त्या बाजूचं कुठे काय ऐकू येतं मला?

काकांनी माझ्याकडे पाहिलं.
तळहात वर, दोन बोटं हलली.